मिरचीचं पान वळलंय? दुकानात जायच्या आधी पान उलटं करून बघा

पाऊस जरा उघडला की दरवर्षी परसबागेचे फोन सुरू होतात, याही आठवड्यात तेच. त्यातले चार प्रश्न घेतो.

प्रश्न: दारातल्या दहा-बारा मिरच्यांची पानं वळलीत, शेंडा आखडलाय. दुकानदाराने दोन औषधं आणि टॉनिक एकत्र करून मारायला सांगितलंय, मारू का?

ताई, अजिबात मारू नका. आधी पान उलटं करून बघा. पान होडीसारखं वरच्या बाजूला वळलं असेल तर फुलकिडे, कडा खाली वळून देठ लांबलं असेल तर कोळी (जाळं विणणारा नव्हे, पानाचा रस शोषणारी बारीक कीड), आणि अख्खं झाडच खुजं राहून पानांचा गुच्छ झाला असेल तर तो पांढऱ्या माशीने आणलेला व्हायरस, त्याला औषध नाही, ते झाड उपटून पुरा. आता तीन कारणं वेगळी असताना एकच मिश्रण कसं चालेल? दुकानदाराने पान बघितलं का? नाही ना. मग त्याचं ऐकून मारायचं नाही.

आणि डोस. "टोपणभर टाका" हे मी शेकडो घरांत ऐकलंय. टोपण म्हणजे माप नाही! दहा झाडांवर एकराच्या हिशोबाचं औषध पडतं आणि तीच मिरची दोन दिवसांनी आपण भाजीत टाकतो, लेकरं खातात. लेबलवर फवारणीनंतर किती दिवस तोडायचं नाही ते लिहिलेलं असतं, ते कोणी वाचत नाही. मोनोक्रोटोफॉस या जहाल कीटकनाशकाला तर भाजीपाल्यावर बंदी आहे, तरी घरात उरलेली बाटली काढून मारणारे मला भेटतात. २०१७ ला यवतमाळमध्ये फवारणी करताना माणसं गेली, ते विसरू नका.

फुलकिडे असोत की पांढरी माशी, सुरुवातीलाच निंबोळी अर्क मारा. आषाढात पडलेल्या निंबोळ्या वेचून सावलीत वाळवल्या असतील तर १०० ग्रॅम कुटून रात्रभर थोड्या पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, पाणी घालून २ लिटर करा, कपड्याच्या साबणाचा चिमूटभर चुरा विरघळवा आणि त्याच दिवशी संध्याकाळी पानांच्या खालून मारा. दुपारी नाही, उन्हात अर्काची ताकद जाते. आभाळ भरून आलं असेल तर थांबा, वाहून जाईल. आठ-दहा दिवसांनी परत. आणि लवकर गुण यावा म्हणून दुप्पट करू नका, निंबोळी झाली म्हणून काय, कोवळी पानं करपतात.

प्रश्न: दोडक्याची बारीक फळं पिवळी पडून सडतायत, कोणतं औषध?

फळ चिरून बघा, आत अळी दिसेल. ती फळमाशीची, फळात शिरल्यावर वरून काहीही मारलं तरी तिच्यापर्यंत पोहोचत नाही, पैसे फुकट. क्यू-ल्युरचा, म्हणजे वासाने नर फळमाश्या ओढणारा सापळा लावा, फळ बोटाएवढं असतानाच त्यावर कागदी पिशवी बांधा, गळालेली फळं रोज वेचून खोल पुरा. खताच्या खड्ड्यात टाकली की तिथूनच नवीन माश्या निघतात. आणि नुसती नर फुलं गळत असतील तर काळजी करू नका, ती गळतातच.

प्रश्न: वाढीसाठी आठवड्याला मूठभर युरिया टाकतो, तरी मावा जात नाही.

तरी नाही भाऊ, त्यामुळेच! युरियात ४६ टक्के नत्र, झाड लुसलुशीत होतं आणि मावा तिथेच बसतो. आजपासून बंद करा. कुजलेलं शेणखत झाडाला ओंजळभर, बास.

प्रश्न: अंगणातला पालापाचोळा जाळू का, आणि गवतावर तणनाशक चालेल का?

दोन्ही नको. तणनाशकाचा फवारा वाऱ्याने शेजारच्या कढीपत्त्यावर जातो, मग परत मलाच फोन येतो. गवत फुलायच्या आधी विळ्याने कापा आणि पाल्यासकट झाडांच्या आळ्यात चार बोटं जाड पसरा, बुंध्याला चिकटवू नका. त्याने ओल टिकते, पाऊस गेल्यावर दिवाळीनंतर पाणी कमी वेळा द्यावं लागेल.

बियाणं किटचं खूप जणींनी विचारलंय: बचत गटात असाल तर उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) ताईंना पोषण परसबागेबद्दल विचारा, बाकीच्यांनी गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला (आधी ज्यांना कृषी सहायक म्हणायचे).