पोरगा कमवायला लागला तरी बाहुल्या घेतो, काळजी करायची का?

हा प्रश्न आता माझ्याकडे बऱ्याचदा येतो. मुलगा किंवा मुलगी पंचविशी पार केलेली, नोकरी चांगली आणि पगार जातो कुठे तर पिक्चरमधल्या कॅरेक्टरच्या बाहुल्यांवर. आईवडलांना दोन भीती असतात, एक म्हणजे हे व्यसन आहे का, आणि दुसरी जरा दबक्या आवाजात सांगतात की पोरगं अजून लहानच राहिलं का, लग्नाचं कसं होणार. त्यातली एक केस सांगते, घरच्यांना विचारून लिहितेय, नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

आपण त्याला तन्मय म्हणू. नाशिकला इंदिरानगरमध्ये फ्लॅट, वडील अंबड एमआयडीसीत कामाला, हा आयटीत, बराचसा वेळ घरूनच काम. आधी आईवडील दोघंच आले आणि काकू खुर्चीत बसल्या बसल्या रडायलाच लागल्या. झालं असं की दिवाळीच्या साफसफाईत त्यांनी तन्मयच्या कपाटावरची रिकामी खोकी रद्दीवाल्याला देऊन टाकली. बाहुल्या नाही हां, बाहुल्या सगळ्या पुसून जागच्या जागी ठेवल्या होत्या, फक्त खोकी गेली. संध्याकाळी त्याने बघितलं, एक शब्द बोलला नाही, दार लावून घेतलं, आणि तेव्हापासून ताट खोलीत नेऊन जेवतो, फराळाला हात लावला नाही, भाऊबीजेला बहीण आली तेव्हा तेवढ्यापुरता बाहेर आला. "अहो मॅडम, पुठ्ठ्याच्या खोक्यांसाठी कोणी आईशी बोलायचं बंद करतं का? याच्या डोक्यात काय चाललंय ते तरी सांगा आम्हाला."

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. फंको नावाची अमेरिकन कंपनी आहे, तिची पॉप नावाची सिरीज 2010 पासून चालू आहे, विनाइलच्या साधारण पावणेचार इंची फिगर, डोकं अंगापेक्षा मोठं, डोळे काळे गोल बटणासारखे. आपल्याकडे साधी फिगर हजार-दीड हजाराच्या आसपास पडते, दुर्मिळ असेल तर किंमत कुठेही जाते. तन्मयकडच्या बहुतेक स्टार वॉर्सच्या होत्या. आणि या छंदात खोक्याला फार महत्त्व असतं, खिडकीचं प्लास्टिक ओरखडलं किंवा कोपरा दबला तरी भाव उतरतो, मग खोकंच नसेल तर विचारूच नका. याच पिक्चरची 1977 ची गोष्ट आहे, पिक्चर आला मे महिन्यात आणि एवढा चालला की केनर कंपनीची खेळणी नाताळपर्यंत तयारच होईनात, तर त्यांनी दुकानात नुसतं पुठ्ठ्याचं पाकीट विकलं, आत एक सर्टिफिकेट, ते भरून पाठवा, बाहुल्या नंतर पोस्टाने येतील. लोकांनी तेही घेतलं, आणि आज ते पाकीट जपून ठेवणारे संग्राहक आहेत.

हे मी काकूंना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला, पण तोपर्यंत गप्प बसलेले काकाच एकदम बोलले. "म्हणजे दाते तुटलेलं तिकीट." मी विचारलं कसलं तिकीट, तर म्हणाले की शाळेत असताना ते टपालाची तिकिटं जमवायचे, आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्येच छापतात त्यामुळे वर्गात निम्म्या पोरांना तो नाद होता, आणि कडेचा एक दाता जरी तुटलेला असला तरी ते तिकीट अल्बममध्ये लावत नव्हते. "पाण्यात भिजवून, कागदावरून अलगद सोडवून, वर्तमानपत्रात वाळवायचो, आई ओरडायची." काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या, लग्नाला तीस वर्षं झाली आणि हे त्यांना माहीतच नव्हतं. मला त्या दिवशी फार काही बोलावं लागलं नाही.

मग तन्मय एकटा आला. असा मुलगा आला की मी 'किती आहेत' हे विचारतच नाही, कारण आकड्यावरून काही कळत नाही, एखाद्याकडे दोनशे असतील आणि तो मजेत असेल. मी विचारते की शेवटची कोणती घेतली, ती घरात कशी आली, कोणाला दाखवली का. तन्मय पहिल्या भागावर खुलून बोलला, डोळ्यात चमक होती, उन्हात ठेवली तर रंग उडतो म्हणून शेल्फ खिडकीपासून लांब, पावसाळ्यात खोक्यांना दमट लागू नये म्हणून सिलिका जेलच्या पुड्या, सगळं सांगितलं. दुसऱ्या प्रश्नावर मात्र खाली बघायला लागला. पार्सल घरी येतच नव्हती, कॉलेज रोडला मित्राच्या पत्त्यावर यायची आणि हा रात्री बॅगेतून आणायचा.

इथे मी सावध होते. छंद लपवायची पाळी आली की बाहुली बाजूला ठेवायची आणि लपवण्याचं कारण शोधायचं.

कारण क्रेडिट कार्ड होतं. काही फिगरची एक वेगळी आवृत्ती असते, तिला चेस म्हणतात, साधारण सहात एक निघते, बाहेरून ऑर्डर करताना कोणती मिळेल ते माहीत नसतं. त्या एका चेससाठी हा तीच फिगर परत परत मागवायचा, लॉटरीच्या तिकिटासारखं, या वेळी नाही तर पुढच्या वेळी. बिल आलं की फक्त मिनिमम ड्यू भरायचा, आणि उरलेल्यावर वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास व्याज चढत होतं. मनाची समजूत अशी की ही इन्व्हेस्टमेंट आहे, नंतर विकू. अरे, 2023 मध्ये त्याच कंपनीने न खपलेला तीन कोटी डॉलरच्या वरचा माल कचऱ्यात टाकायचं ठरवलं होतं, त्याला हे माहीतही होतं, तरी स्वतःच्या फिगर वेगळ्या आहेत असं वाटायचं. आणि दिवाळीनंतर चांगल्या वीस-पंचवीस फिगर खोक्यासकट विकून कार्ड मोकळं करायचं असा प्लॅन होता. तेवढ्यात खोकी गेली. म्हणजे तो आईवर रुसलेला नव्हताच, घाबरलेला होता, आणि काय बोलणार होता, खोक्यांबद्दल बोलला असता तर कर्जाचं सांगावं लागलं असतं.

घरी सांगायला त्याला वेळ लागला, पण माझ्यासमोरच सांगितलं त्याने. काका चिडले, साहजिक आहे. पण त्यांनी सगळं विकून टाक असं म्हटलं नाही, मला त्याचं फार बरं वाटलं. बापलेकाने बसून एक्सेलमध्ये यादी केली, कार्डाची थकबाकी बँकेकडून ईएमआयमध्ये करून घेतली म्हणजे व्याज तरी कमी झालं, डबल असलेल्या फिगर बिनखोक्याच्या म्हणून स्वस्तात विकल्या. चेसच्या आशेने मागवणं पूर्ण बंद. आवडली तर घ्यायची, पण पुढचा पगार झाल्यावर, डेबिट कार्डाने, आणि पार्सल घरच्याच पत्त्यावर.

काकूंना एक भीती उरली होती, कुठेतरी वाचलं होतं की वस्तू साठवणं हा मानसिक आजार असतो. असतो, 2013 पासून त्याचं निदान वेगळं केलं जातं, पण त्यात माणसाला काहीच टाकवत नाही, वस्तूंचा ढीग होतो, पलंगावर झोपायला किंवा ओट्यावर स्वयंपाकाला जागा उरत नाही. तन्मयचं शेल्फ घरातला सगळ्यात नीट कोपरा होता. तुमच्याकडे तसा ढीग होत असेल, किंवा झोप, नोकरी, मित्र सुटत चालले असतील तर मात्र थांबू नका, तज्ज्ञाला दाखवा, टेली-मानसचा 14416 नंबर फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

कार्डाचे हप्ते अजून चालू आहेत, पण वेळेवर जातात. आता स्थळं बघायला सुरुवात झालीय आणि बायोडेटात छंद म्हणून काय लिहायचं यावर घरात एकमत नाही, काका म्हणतात वाचन लिहू. मी सांगितलंय, जे आहे ते लिहा, आणि मुलगी घरी आली तर शेल्फ आधी दाखवा.