खुबा मोडू नये म्हणून: वाचकांचे प्रश्न

आई ७६ वर्षांची आहे. मावशीचा खुबा मोडल्यापासून ती कॅल्शियमची गोळी रोज न चुकता घेते. एवढं पुरेसं आहे ना?

नाही. ‘हाड आधी तुटलं आणि मग पडल्या’ असं घरची मंडळी सांगतात खरी, पण तसं क्वचित घडतं. शंभरातले नव्वदहून अधिक खुबे पडल्यामुळेच मोडतात, बहुतेक वेळा कुशीवर पडल्यामुळे. कॅल्शियमची गोळी पडणं थांबवत नाही आणि ठिसूळ झालेलं हाड एकटी सावरतही नाही.

कॅल्शियम दिवसाला १,००० ते १,२०० मिलिग्रॅम लागतं, पण आहारातलं धरून. गोळी फक्त तूट भरून काढायला. एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेतलं तर ते नीट शोषलं जात नाही. ड जीवनसत्त्व रोज ८०० युनिटच्या आसपास पुरतं. ‘वर्षाचा एकच मोठा डोस’ ही कल्पना सोयीची वाटते, पण ऑस्ट्रेलियात ५ लाख युनिटचा असा डोस देऊन पाहिला, तेव्हा तो घेणाऱ्या वृद्ध स्त्रिया इतरांपेक्षा जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली (हा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला).

आईची डेक्सा तपासणी (हाडांची घनता मोजणारा एक्स-रे) करून घ्या, खुबा आणि कणा दोन्हींची. टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाशी तुलना करून काढलेला आकडा, उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल, तर हाडांचं खरं औषध लागेल. उभ्या उंचीवरून पडून मनगट किंवा मणका मोडला असेल, तर आकडा बरा दिसला तरी डॉक्टरांशी बोला.

बहुधा आठवड्याची ७० मिलिग्रॅमची अलेंड्रोनेट लिहून देतात. ती वाया जाते ती घेण्याच्या पद्धतीमुळे. सकाळी उठल्यावर अनशेपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची, चहा-दुधाबरोबर नाही. पुढचा अर्धा तास काही खायचं नाही आणि आडवंही व्हायचं नाही, कारण गोळी अन्ननलिकेत रेंगाळली तर तिथे जखम होते. त्या वेळी कॅल्शियम घेतलं तर हे औषध शोषलंच जात नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी सांगा. सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन चालू असेल, तर त्याची तारीख टाळू नका. ते मध्येच सोडलं की हाडांची झीज उसळी घेते आणि मणके दबू शकतात.

वडील रात्री लघवीला उठतात आणि धडपडतात. दोनदा भिंतीचा आधार मिळाला म्हणून वाचले. घरात काय बदलावं?

आधी वडिलांचा रक्तदाब उभ्याने मोजा. पाच मिनिटं आडवं ठेवून एकदा, मग उभं राहिल्यावर पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर धडपडीचं एक कारण सापडलं. रक्तदाबाच्या, झोपेच्या, नैराश्याच्या, ॲलर्जीच्या, लघवी वाढवणाऱ्या अशा सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. लघवीची गोळी सकाळी घेतली तर रात्रीच्या फेऱ्या बरेचदा कमी होतात. झोपेची गोळी मात्र एकदम बंद करू नका, ती हळूहळूच उतरवावी लागते.

उठण्याची पद्धत बदला. पलंगाच्या कडेला बसून पायाचे पंजे दहा-पंधरा वेळा वर-खाली करायचे, मग उभं राहून क्षणभर थांबायचं, मग पाऊल टाकायचं. घाई होत असेल तर उशाशी लघवीचं भांडं ठेवा. यात लाजण्यासारखं काही नाही.

पलंगापासून संडासापर्यंत जमिनीलगत मंद दिवे लावा. सुटी पायपुसणी उचला, वायरी भिंतीला लावा. टॉवेलचा दांडा म्हणजे आधाराचा दांडा नव्हे, माणसाचा भार पडला की तो स्क्रूसकट उखडतो. कमोडशेजारी आणि अंघोळीच्या जागी पक्क्या भिंतीत वेगळे दांडे बसवा. बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा वर जात असतील, तर कमोड ठेंगणा आहे. चपला मागून बंद आणि पातळ, न घसरणाऱ्या तळव्याच्या असाव्यात. जिना उतरताना दुहेरी नंबरचा चष्मा फसवतो, कारण खालच्या भिंगातून पायरी पुसट दिसते.

घर कितीही सुधारलं तरी पायात जोर हवाच, आणि नुसतं चालणं त्याला पुरत नाही. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून हात न लावता उठा-बस करायची. मग ओट्याला हात ठेवून एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून उभं राहायचं. असं दहा सेकंद जमत नसेल, तर पडण्याचा धोका जास्त समजा. आठवड्याला एकूण तीन तासांचा व्यायाम हवा आणि सोपा वाटू लागला की अवघड करायचा. सुरुवातीला शेजारी कुणी तरी उभं राहा.

काठी दुखऱ्या बाजूला धरायची ना?

उलट बाजूला. डावा खुबा दुखत असेल तर काठी उजव्या हातात आणि डाव्या पावलाबरोबर पुढे. हात सैल सोडून उभं राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यावी. खालचं रबर गुळगुळीत झालं की बदला.

सासूबाई पडल्या. एक्स-रेत काही दिसलं नाही, पण जांघेत दुखतं आणि त्या लंगडतात.

खुब्याच्या हाडाची मोडलेली टोकं एकमेकांत रुतली असतील, तर चालता येतं आणि साध्या एक्स-रेत फट दिसतही नाही. कधी दुखणं फक्त गुडघ्यात जाणवतं. एमआरआय करा, आणि तोवर त्या पायावर भार नको. दोन दिवसांनी ते हाड सरकू शकतं, मग साध्या स्क्रूंवर भागलं असतं तिथे सांधा बदलावा लागतो. पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर उठवून बसवू नका, रुग्णवाहिका बोलवा.

वय ८८. ऑपरेशन झेपेल का?

या वयात अंथरुणावर पडून राहणं सहसा ऑपरेशनपेक्षा महाग पडतं. न्यूमोनिया, पाठीच्या जखमा, पायात रक्ताच्या गुठळ्या हे सगळं त्यातूनच येतं. शक्यतो दाखल झाल्यापासून २४ ते ४८ तासांत ऑपरेशन व्हावं आणि दुसऱ्या दिवशी माणूस उभा राहावा. मांडीच्या हाडाची मान मोडून सरकली असेल, तर खुब्याच्या सांध्यातल्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो, म्हणून तो गोळाच बदलतात. त्याखाली मोडलं असेल तर सळई किंवा स्क्रूने जोडतात. नंतर काही दिवस भ्रम होऊ शकतो. चष्मा आणि श्रवणयंत्र लगेच परत द्या. घरी सोडताना कागदावर हाडांच्या ठिसूळपणाचं औषध लिहिलेलं नसेल तर विचारा, कारण दुसरा खुबा अजून शाबूत आहे.