छोट्या शहरात चालण्यासाठी आणि सायकलसाठी सुरक्षित मार्ग कसे आखावेत? कोणता नकाशा वापरावा? चालणारे मोजकेच असतील तर गरज कशी पटवून द्यावी?

तुमच्या प्रश्नातला शेवटचा भाग वाचला आणि राहवलं नाही. 'चालणारे मोजकेच आहेत' हे वाक्य मी भर बैठकीत ऐकून घेतलेलं आहे.

शाळा आणि वाचनालय यांच्या मधून जाणारा मुख्य रस्ता. झेब्रा पट्टे होते, पण वळणाला लागून. ते सरळ भागावर हलवा, एवढीच आमची मागणी. रस्त्याचं काम बघणारे अभियंते तासाभराच्या मोजणीचा तक्ता घेऊन आले आणि म्हणाले, इथून ओलांडतंच कोण? अहो, ज्याला भीती वाटते तो तिथे येणारच नाही, मग तक्त्यात कुठून दिसेल? मुलाला पायी पाठवायचा धीर होत नाही म्हणून जी आई त्याला गाडीवर सोडायला जाते, ती त्याच तक्त्यात 'वाहन' म्हणून धरली जाते. म्हणजे रस्ता जितका वाईट, तितकी पादचाऱ्यांची गरज कमी दिसणार. असल्या मोजणीवर माझा काडीचा विश्वास नाही.

मी वेगळा हिशेब मांडला. माझ्या आईचे गुडघे दुखतात, तिला घेऊन तिथे गेले. रस्ता १० मीटर रुंद. आराखडे करताना चालण्याचा वेग साधारण सेकंदाला १.२ मीटर धरतात, म्हणजे सव्वाआठ सेकंदांत माणूस पलीकडे. आईसारख्या माणसाचा वेग ०.८ धरावा लागतो, म्हणजे साडेबारा सेकंद. ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर कापते. तेव्हा पाऊल टाकताना तिला निदान १७५ मीटरपर्यंतचा रस्ता मोकळा दिसायला हवा. आम्ही टेप धरून मोजलं. वळण, त्यावरचं कुंपण आणि कडेला उभी असलेली वाहनं यांमुळे दिसत होते जेमतेम ८० मीटर. रस्ता रिकामा बघून ती उतरली आणि त्याच क्षणी वळणावर गाडी आली, तर ती गाडी पोचेल तेव्हा आई बरोबर मधोमध असेल.

हे सगळं एका कागदावर काढून पुढच्या बैठकीत ठेवलं. उत्तर मिळालं, "बाई, तुमची आई म्हणजे काही सगळं गाव नव्हे." माझं म्हणणं आजही तेच आहे: मार्ग आखायचा तो सगळ्यात हळू चालणाऱ्यासाठी. तिला जमलं की बाकी सगळ्यांना जमतं. पुढे पट्टे सरळ भागावर गेले, पण रस्त्याच्या मधोमध थांबायला जागा मागितली होती, ती दिली नाही. दोन मीटरचा उंच ओटा मध्ये असता तर एका वेळी चारच मीटर ओलांडायचे, पाच सेकंदांचं काम, आणि ७० मीटर दिसलं तरी भागलं असतं.

तर सुरुवात कुठून? ओलांडण्याच्या जागांपासून. लोक आधी लांबच लांब रेघा ओढतात आणि चौक आला की रेघ सोडून देतात. धोका नेमका तिथेच असतो. चौकाचा कोपरा ऐसपैस गोलाकार असेल तर गाडी वेग न मोडता वळते. कोपरा आवळला की तिला हळू व्हावंच लागतं. मुख्य रस्त्यावर नुसता पांढरा पट्टा मारून त्याला सायकलमार्ग म्हणू नका, दुसऱ्या दिवशी त्यावर गाड्या उभ्या राहतात. जिथे वेग जास्त तिथे मध्ये कठडा हवा, नाहीतर वेगच ३० वर आणा. ५० ऐवजी ३० केला तर धडकेतली ऊर्जा जवळपास एक तृतीयांशावर येते. ऑस्ट्रियातल्या ग्राझने १९९२ सालीच मोठे रस्ते सोडून बाकी सगळीकडे ३० ची मर्यादा लावली.

नेदरलँड्समधलं हाउटन तर मुद्दाम बघा. मूळचं खेडं, आता सुमारे ५० हजार वस्ती. तिथे एका मोहल्ल्यातून दुसऱ्यात गाडीने जायचं तर बाहेरच्या वळणरस्त्याला जाऊन यावं लागतं, सायकल मात्र मधून सरळ जाते. शाळाही त्या मधल्या मार्गालगतच. तुमच्याकडे नव्याने गाव वसवता येणार नाही, पण एखाददुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी खांब रोवून गाड्यांची आरपार ये-जा बंद करता येते आणि सायकली चालू ठेवता येतात. आणि गटाराच्या जाळ्या बघा. पट्ट्या रस्त्याच्या दिशेने असतील तर सायकलचं चाक सरळ फटीत अडकतं. त्या आडव्या बसवून घ्या. एका दिवसाचं काम आहे आणि कुणी करत नाही.

नकाशाचं विचारलंत. ओपनस्ट्रीटमॅप, म्हणजे इंटरनेटवरचा सगळ्यांना खुला असलेला नकाशा, पुरेसा आहे. त्यात पदपथ, रस्त्याचा पृष्ठभाग, दिवे अशी नोंद स्वतः करता येते. लोकांना दाखवायला स्पेनमधल्या पोंतेवेद्राचा 'मेट्रोमिनुतो' बघा: मेट्रोच्या नकाशासारखा, फक्त स्थानकांच्या जागी गावातली ठिकाणं आणि मध्ये चालायला लागणारी मिनिटं. असा तुमच्या गावाचा हाताने काढलात तरी चालेल.

एक सांगायचं राहिलं. माझ्या हिशेबात चालक ब्रेक लावतच नाही असं धरलं आहे. प्रत्यक्षात बरेच जण लावतात. पण आईचा जीव दुसऱ्याच्या ब्रेकवर का सोडायचा? आणि मार्ग मागच्या बोळांतून नेणार असाल तर रात्री अंधार पडल्यावर जाऊन या. दिवसा शांत वाटणाऱ्या बोळात एकटी बाई रात्री जाणार नाही, तेव्हा दिवे आधी, मार्ग नंतर.

बैठकीआधी तुमच्याकडे रस्त्याचं काम बघणाऱ्या साहेबांना शाळा सुटायच्या वेळी तुमच्यासोबत रस्ता ओलांडायला बोलवा, कुणातरी म्हाताऱ्या माणसाचा हात त्यांच्या हातात देऊन. वेळ नाही म्हणाले तर तसं इतिवृत्तात लिहून घ्या. मोजणीचा तक्ता पुढे आला, की त्यात पायी जायला भिऊन गाडीवर सोडलेली मुलं किती, हा प्रश्नही लेखी द्या.