दुबईतल्या फ्लॅटची किल्ली कोणाकडे राहणार?

प्रश्न : आम्ही मालगुंडचे. हापूसची तीनशे कलमं आहेत, शिवाय घराच्या मागच्या अंगाला चार खोल्यांचं होमस्टे चालवतो. मुलगा सहा वर्षं दुबईत नोकरीला आहे. सून आणि नातू तिथेच. मध्यंतरी रत्नागिरीत एका हॉटेलात दुबईच्या फ्लॅटचं प्रदर्शन भरलं होतं. एक बेडरूमचा फ्लॅट, आठ लाख दिरहम. आत्ता वीस टक्के भरायचे, मग महिन्याला एक टक्का, ताबा मिळाल्यावरही हप्ते चालूच. बुकिंगचे पैसे क्रेडिट कार्डावर भरलेत तरी चालतील, असं तिथला माणूस म्हणाला. गावातले एक गृहस्थ म्हणतात, बँकेच्या फंदात पडूच नका, इथे मला रुपये द्या, तिथे दिरहम मिळतील. पाऊस सुरू झाला की आम्ही दोघं मोकळे असतो. ते दोन महिने नातवाजवळ, पण स्वतःच्या घरात राहावं, एवढीच इच्छा आहे. घ्यावा का? – एक वाचक, मालगुंड

उत्तर : आधी त्या गावातल्या गृहस्थांबद्दल बोलते, कारण तिथे चूक झाली तर पुढचं सगळं व्यर्थ आहे. हा हवाला आहे. फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. आणि नियम मोडून परदेशात मालमत्ता घेतल्याचं निघालं, तर तेवढ्या किमतीची भारतातली मालमत्ता जप्त करायची तरतूद २०१५पासून कायद्यात आहे. तुमच्या बाबतीत 'भारतातली मालमत्ता' म्हणजे ती तीनशे कलमं. त्या गृहस्थांना हात जोडा आणि विषय संपवा.

सरळ रस्ता आहे आणि तो फारसा अवघडही नाही. बँकेच्या परकीय चलन विभागात माझी नोकरीची बरीच वर्षं गेली, तेव्हा हे कागद रोज हाताखालून जायचे. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते आणि त्यातून घर घेता येतं. दिरहम डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५. म्हणजे आठ लाख दिरहमचे झाले सुमारे दोन लाख अठरा हजार डॉलर. मर्यादेत बसतं. पैसे तुमच्या खात्यातून, ए-२ फॉर्म भरून, घर खरेदीचं कारण लिहूनच गेले पाहिजेत. क्रेडिट कार्ड हा त्यासाठीचा मार्ग नाही. बँक यासाठी कर्जही देऊ शकत नाही, तेव्हा बाग तारण ठेवून रक्कम उभी करायचा विचार मनात असेल तर तो सोडा. ताबा मिळाल्यानंतरचे हप्ते ही फेमाच्या नजरेने उधारी ठरू शकते. त्या अटीवर सही करण्याआधी तुमच्या बँकेचं मत लेखी घ्या. तोंडी नको.

आता रोकड. वर्षाला दहा लाखांच्या वर जे पाठवाल त्यावर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच वसूल होणारा आगाऊ आयकर, कापते. पहिल्या वर्षी समजा पन्नास लाख पाठवलेत, तर चाळीस लाखांवर आठ लाख. खात्यातून अठ्ठावन्न लाख जातील. हा जादा कर नव्हे, रिटर्न भरलंत की परत मिळतो. पण आंब्याचं उत्पन्न शेतीचं, त्यावर आयकर नाही, म्हणजे वळते करून घ्यायला तुमच्याकडे दुसरा कर जवळजवळ नाही. आठ लाख परतावा येईपर्यंत अडकून पडतील, आणि त्याच काळात फवारणीची औषधं उधारीवर आणायची वेळ येईल. दोघांच्या नावावर घर घेऊन दोघांच्या खात्यांतून निम्मे-निम्मे पाठवलेत तर कपात सहा लाखांवर येते, मात्र पैसे पाठवणाऱ्या प्रत्येकाचं नाव घरावर असायला हवं. वाशीच्या आंबा दलालाच्या विक्रीच्या पट्ट्या मागच्या पाच-सात वर्षांच्या काढून ठेवा. पैसा आला कुठून हे बँकही विचारेल, आयकरवालेही.

त्या माणसाने सांगितलेल्या किमतीत दुबईच्या जमीन खात्याची ४ टक्के नोंदणी फी धरली होती का? आठ लाखांवर ती बत्तीस हजार दिरहम होते. शिवाय इमारतीचा देखभाल खर्च दरवर्षी, चौरस फुटावर. आणि महिन्याला एक टक्का म्हणजे आठ हजार दिरहम. ते महिन्याच्या महिन्याला भरायचे. आंब्याचा पैसा येतो एकदा, एप्रिल-मेमध्ये. मोहोर करपला, फुलकिडे पडले, म्हणून हप्ता थांबत नाही.

पण मला खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते, आणि ती मी आंजर्ल्यात राहून शिकले.

माझा मावसभाऊ अमेरिकेचा नागरिक. त्याचं वडिलोपार्जित घर आमच्या आळीत, आमच्यापासून चौथं. त्याच्या दृष्टीने ते परदेशातलं सुट्टीचं घर, दोन-तीन वर्षांतून एकदा तीन आठवडे यायचं. किल्ली माझ्याकडे. दर रविवारी जाऊन मी खिडक्या उघडते, चुलीत थोडी लाकडं पेटवते, वासे नि भिंतींचे कोपरे बघते. बंद घरात वाळवीला आठ दिवस पुरतात. मे संपता संपता पश्चिमेच्या भिंतीला झाप बांधून घ्यायचे, कौलं परतून घ्यायची. हे करणारा माणूस दरवर्षी शोधावा लागतो.

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं. दुपारी वारा असा फिरला की माड जमिनीला टेकायला लागले. संध्याकाळी जरा उतरल्यावर मी किल्ली घेऊन निघाले. रस्ता नव्हताच, आडव्या पोफळींवरून चढत-उतरत गेले. दाराला कुलूप जसंच्या तसं होतं. मी सवयीने ते उघडलं, आत पाऊल टाकलं आणि डोक्यावर आभाळ होतं. माजघरात कौलांचा ढीग. मावशीच्या शिसवी पलंगावर पाणी साचलेलं आणि त्यात नारळाची एक अख्खी झावळी.

वीज नाही, फोन नाही. पाचव्या दिवशी दापोलीकडे जाताना एका वळणावर रेंज मिळाली, तेव्हा त्याला कळवलं. विमानं बंद होती, तो येऊ शकत नव्हता. "किल्ली तुझ्याकडे आहे ना?" त्याने विचारलं. होती. पण किल्लीने भागत नाही हे तेव्हा कळलं. पंचनामा झाला तो घरपट्टीवरच्या नावाने, म्हणजे त्याच्या वडिलांच्या, आणि ते अकरा वर्षांपूर्वी गेलेले. वारसनोंद झाली नव्हती. मदत मिळायची तर सही कोणाची, खातं कोणाचं? त्याचं मुखत्यारपत्र माझ्याकडे नव्हतं. दरवेळी 'पुढच्या खेपेला करू' म्हणून राहून गेलं होतं. ताडपत्री मिळेना, मिळाली ती दुप्पट भावाने. कौलं यायला पावसाळा उलटला. तोवर आतल्या मातीच्या दोन भिंती विरघळून खाली बसल्या. पैसे त्याने नंतर पै न् पै दिले. पण त्या भिंतींवर मावशीने काढलेली चित्रं होती, चुन्याची.

मुखत्यारपत्र त्याने नंतर केलं, तिथल्या भारतीय वकिलातीत. ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यावं लागतं, ते मी रत्नागिरीला जाऊन केलं. दुसऱ्या देशात घर असणाऱ्या प्रत्येकाला माझं हेच सांगणं असतं, की आधी त्या गावात सही करू शकेल असा माणूस नेमा.

तुमच्याकडे मुलगा आहे, असं तुम्ही म्हणाल. आहे, पण दुबईतलं त्याचं राहणं नोकरीच्या व्हिसावर. मालमत्तेच्या जोरावर दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा हवा तर ती किमान वीस लाख दिरहमची लागते, तुमचा फ्लॅट आठ लाखांचा. उद्या त्याची नोकरी सिंगापूरला गेली तर किल्ली कोणाकडे? तिथे वाळवी नाही, पण उन्हाळ्यात घर बंद राहिलं की दमट हवेने कपाटांत बुरशी धरते. काही इमारतींत थंड हवेचं शुल्क घर बंद असलं तरी लागत राहतं. पर्यटकांना रोजावर द्यायचं म्हटलं तर पर्यटन खात्याचा परवाना काढावा लागतो. होमस्टे चालवता, म्हणजे पाहुणा गेल्यावर चादरी कोण बदलतं हा प्रश्न तुम्हाला मी समजावायला नको.

आणि ते पावसाळ्याचे दोन महिने. जुलै-ऑगस्टमध्ये दुबईत पारा चाळीसच्या वर असतो. नातवाला घेऊन तुम्ही संध्याकाळीसुद्धा खाली उतरू शकणार नाही. तिथली हवा सुखाची असते नोव्हेंबर ते मार्च, आणि तेव्हा तुमच्याकडे मोहोर असतो, फवारण्या असतात, डिसेंबरचे पाहुणे असतात. ज्या दिवसांत घर राहण्याजोगं असेल त्या दिवसांत तुम्हाला बाग सोडता येणार नाही. हे त्या प्रदर्शनातल्या माणसाला माहीत असायचं कारण नाही, पण तुम्हाला आहे.

म्हणून माझं मत असं, की हा फ्लॅट तुम्ही घेऊ नये. घ्यायचाच तर मुलाने स्वतःच्या तिथल्या कमाईतून घ्यावा. तो अनिवासी आहे, त्याला एलआरएसची मर्यादा नाही, टीसीएस नाही. पुढे तो कायमचा मालगुंडला परत आला तरी परदेशात राहत असताना घेतलेलं घर त्याला ठेवता येतं, फेमात तशी स्पष्ट मुभा आहे. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घेणार असेल तर प्रकल्पाचं एस्क्रो खातं, म्हणजे खरेदीदारांचे पैसे त्या बांधकामासाठीच राखून ठेवणारं खातं, जमीन खात्याकडे नोंदलेलं आहे का ते त्याने स्वतः तपासावं आणि पैसे त्याच खात्यात भरावेत. तुम्ही पावसाळ्याऐवजी दिवाळीनंतरचे पंधरा दिवस त्याच्याकडे जा, पहिल्या फवारणीच्या आत परत या.

एवढं ऐकूनही स्वतःच्या नावावर घेतलंत, तर दोन गोष्टी चुकवू नका. दरवर्षीच्या रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट भरा, भाडं येवो न येवो. न दाखवल्यास काळ्या पैशाच्या कायद्यात दहा लाखांचा दंड आहे. भाडं आलं तर तेही इथे दाखवायचं, दुबईत आयकर नसला तरी. दुसरं, तिथल्या मालमत्तेपुरतं वेगळं मृत्युपत्र. बिगरमुस्लिम परदेशी मालकांना ते दुबईत इंग्रजीतून नोंदवता येतं. एका सातबाऱ्यावर सत्तावीस नावं घेऊन जगणारे आपण लोक. पुढच्या पिढीला तोच गुंता परक्या कोर्टात सोडवायला लावू नका.

प्रश्न : आमची एकुलती मुलगी कॅनडाची नागरिक आहे, तिच्याकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड आहे. आमचं घर आणि दोन एकरांची कलमांची बाग आत्ताच बक्षीसपत्राने तिच्या नावे करावी का? – एक वाचक, देवगड

उत्तर : घर करता येईल. मुलीला राहतं घर बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार लागला तर तो वेगळा. बाग मात्र नाही. ओसीआय कार्ड असलेल्याला शेतजमीन विकतही घेता येत नाही आणि बक्षीसही घेता येत नाही. वारसाहक्काने मिळू शकते. तेव्हा बागेसाठी मृत्युपत्र करा, दोन साक्षीदार तुमच्याहून वयाने लहान निवडा, आणि सक्तीचं नसलं तरी नोंदवून घ्या. पुढे तिला विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येईल, आणि इथल्या कायद्याने तो शेतकरीही असावा लागेल. विक्रीचे पैसे तिच्या एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासींच्या इथल्या उत्पन्नासाठीच्या बँक खात्यात, जमा होतील, तिथून कर भरून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. तिने बाग करारावर दिली तर ते उत्पन्न तिला कॅनडातही दाखवावं लागेल.

घर तिच्या नावे केल्यावर घरपट्टीलाही तिचं नाव लावून घ्या, ते सर्वांत जास्त विसरलं जातं. तिच्याकडून तुमच्या नावे मुखत्यारपत्र घ्या, आणि तुमच्यानंतर वापरता येईल असं दुसरं, गावातल्या एखाद्या तरुण नातेवाइकाच्या नावे. येत्या सुट्टीत ती येईल तेव्हा तिला हद्दीच्या चारही कोपऱ्यांवर स्वतः चालवून आणा, गडगा कुठे आपला आणि कुठे शेजाऱ्याचा ते दाखवा, आणि बाग राखणाऱ्या गड्याचा नंबर तिच्या फोनमध्ये घालून द्या.