रोमनेस्क म्हणजे रोमन नव्हे!

प्रश्न असा आहे: पिसाच्या झुकत्या मनोऱ्याची शैली कुठे 'रोमन' लिहिलेली असते, कुठे 'रोमनेस्क'. दोन्ही एकच का? 'रोमनसदृश' म्हणावं का? आणि अमेरिकेतलं 'रिचर्डसोनियन रोमनेस्क' काय प्रकरण आहे?

एकच नाही, नाही आणि नाही. सहलीच्या वर्णनांत हे 'रोमन' वाचून मी विटलो आहे. रोमनेस्क ही मध्ययुगातल्या युरोपची, अर्धगोल कमानींची बांधकामशैली. मनोऱ्याचं काम ११७३ साली सुरू झालं. पश्चिमेकडचं रोमन साम्राज्य बुडून तेव्हा सात शतकं होत आली होती. अर्धगोल कमान दिसली की ठोक 'रोमन', एवढंच आपलं स्थापत्यज्ञान.

खरी गंमत शब्दाच्या शेपटात, म्हणजे 'एस्क' या प्रत्ययात आहे. इंग्रजीत विल्यम गन या लेखकाने १८१९ साली 'रोमनेस्क' ही संज्ञा वापरली आणि कारणही दिलं: रोमचा अस्सल रहिवासी स्वतःला 'रोमानो' म्हणवतो, बाहेरून येऊन कितीही वर्षं राहिलेल्याला मात्र 'रोमानेस्को' म्हणून हिणवतो. पुण्यात चाळीस वर्षं काढूनही 'मूळचे कुठले?' हे ज्यांना ऐकावं लागतं, त्यांना फोड करून सांगायला नको. फ्रेंच मंडळी श्रेय १८१८च्या पत्रात 'रोमान' लिहिणाऱ्या द जेरव्हिल या त्यांच्या पुराणवस्तू-अभ्यासकाला देतात. देऊ देत. द जेरव्हिल यांच्या मते लॅटिन बिघडून फ्रेंच झाली तसं हे बिघडलेलं रोमन बांधकाम, म्हणजे अपभ्रंशच. पण शेपटाची मजा त्यांच्या शब्दात नाही, म्हणून मी गनसाहेबांच्या बाजूचा.

आणि हे 'एस्क' तरी रोमचं कुठे? इटालियन 'एस्को'मागे जर्मनिक 'इस्क' आहे. इंग्रजीतला 'इश' त्याचाच भाऊ. रोमच्या नावाला जर्मन टोळ्यांचं शेपूट! 'रोमन अधिक एस्क' एवढं सांगून मोकळे होणारे कोश नेमकं हेच गिळतात.

म्हणून माझा प्रतिशब्द: रोमनसर. काळसर, लालसर, तसं रोमनसर. 'रोमनसदृश' मला सोवळ्यातलं वाटतं. माझा आपला तर्क असा, की हा 'सर' आणि 'त्याची सर याला नाही' मधली 'सर' एकाच घरची: संस्कृत सदृश, प्राकृत सरिस, मग सर. म्हणजे 'रोमनसदृश' घासून घासून मराठीने 'रोमनसर' आधीच करून ठेवलाय, आपण तो वापरत नाही इतकंच. भाषाशास्त्री नाकं मुरडतील, मुरडोत.

हां, रिचर्डसन राहिलेच. हेन्री हॉब्सन रिचर्डसन (१८३८–१८८६) हे अमेरिकी वास्तुविशारद, त्यांच्या नावावरून त्यांची रोमनेस्क धाटणी 'रिचर्डसोनियन'. बोस्टनचं त्यांचं ट्रिनिटी चर्च १८७७ साली पुरं झालं. त्याचा मनोरा स्पेनमधल्या सालामांकाच्या जुन्या कॅथेड्रलवरून सुचलेला. ओबडधोबड दगड, जाड भिंती, खोल रुंद कमानी. शिकागोत त्यांनी बांधलेलं मार्शल फील्डचं घाऊक दुकान पाहून वास्तुविशारद लुई सलिव्हन यांनी आपल्या ऑडिटोरियम इमारतीचं बाह्यरूपच बदललं. रोमन नव्हे ते रोमनसर, आणि त्याच्यासारखं ते रिचर्डसोनियन. म्हणजे मराठीत रोमनसरसर.