सनस्क्रीनची अ‍ॅलर्जी कशी ओळखावी?

प्रश्न: सनस्क्रीन लावून उन्हात गेले की चेहऱ्यावर खाज सुटून पुरळ येते, घरात मात्र त्रास होत नाही. याची तपासणी असते का?

उत्तर: असते; तिला ‘फोटोपॅच’ चाचणी म्हणतात. ऑक्सिबेन्झोन, ऑक्टोक्रिलीन यांसारख्या अतिनील किरण शोषणाऱ्या रसायनांचे दोन सारखे संच पाठीवर चिकटवून, २४ किंवा ४८ तासांनी काढल्यावर, एका संचाच्या जागेवर साधारणपणे दर चौरस सेंटिमीटरला ५ ज्यूल इतके यूव्हीए (अतिनील किरणांचा एक प्रकार) किरण सोडतात आणि दुसरी जागा झाकलेलीच ठेवतात. पुढील दोन-तीन दिवसांत केवळ किरण दिलेल्या जागी लाली व सूज आली, तर ती प्रकाशजन्य अ‍ॅलर्जी ठरते. दोन्हीकडे सारखीच आली, तर साधी संपर्कजन्य. घरी हातावर क्रीम लावून पाहणे आपल्या बाबतीत पुरेसे नाही. सांधेदुखीसाठी किटोप्रोफेनचे जेल वापरले असल्यास त्वचारोगतज्ज्ञांना आवर्जून सांगावे, कारण त्याची प्रकाशजन्य अ‍ॅलर्जी असलेल्यांना ऑक्टोक्रिलीनचाही त्रास अनेकदा होतो.