रिपोर्टवर ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ आहे, मग?

प्रश्न : दादा, मी कामठी रोडवरच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात दीड वर्षापासून समुपदेशक आहे. आमच्याकडे दाखल असलेल्या २६ वर्षांच्या मुलाचा हिपॅटायटिस सीच्या रक्तचाचणीचा ‘अँटी-एचसीव्ही रिअ‍ॅक्टिव्ह’ असा रिपोर्ट आला. तो वर्षभर नशेची सुई घेत होता. रिपोर्ट आल्यापासून स्वयंपाकीणबाईंनी त्याचं ताट वेगळं केलंय. वरिष्ठ म्हणतात, आधी सहा महिने सोबर राहू दे, मग लिव्हरचं पाहू. त्याची आई रोज विचारते, “पोरगा वाचंल ना?” काय सांगू? – एक ताई, नागपूर

उत्तर : ताई, आज संध्याकाळच्या पंगतीला त्याचं ताट सगळ्यांच्या ओळीत लावा. हिपॅटायटिस सी हा लिव्हर पोखरणारा विषाणू रक्तातून रक्तात जातो. ताटातून, पाण्याच्या ग्लासातून, मिठी मारल्यानं जात नाही. दाढीचं ब्लेड आणि ब्रश मात्र ज्याचे त्याचे वेगळे हवेत, आणि ते सगळ्यांचेच.

आता रिपोर्ट. ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ म्हणजे हा विषाणू कधीतरी अंगात शिरला होता, एवढंच. चारातल्या साधारण एकाच्या शरीरातून तो आपोआप जातो, तरी ही चाचणी जन्मभर पॉझिटिव्हच येते. विषाणू आज रक्तात आहे का, ते दुसरी तपासणी सांगते : एचसीव्ही आरएनए, म्हणजे व्हायरल लोड, रक्तात विषाणू किती आहे ते मोजणारी. आपल्या केंद्रांत गाडी अडते ती इथंच. पहिला कागद फाइलला लागतो आणि पोरगा ‘सी-वाला’ म्हणून ओळखला जातो. व्हायरल लोड होईपर्यंत आईला होही सांगू नका, नाहीही सांगू नका. “अजून एक रक्त तपासायचं आहे, आणि असलाच तर औषध आहे,” इतकं सांगा.

सहा महिन्यांची अट कुठून आली ते मला पक्कं माहीत आहे, कारण मी त्यातून गेलोय. माझी सुई सुटली २००१ साली, रिपोर्ट हाती आला २००९ मध्ये. तेव्हा इंटरफेरॉन होतं. दर आठवड्याला एक इंजेक्शन, वर रिबाव्हिरिनच्या गोळ्या. रात्रभर हुडहुडी भरायची, आणि मन इतकं खचायचं की सीताबर्डीच्या पुलावरून जाताना मी खाली बघत नसे. असलं औषध चालू व्यसनातल्या माणसाला द्यायला डॉक्टर कचरत. ती भीती तेव्हा खरी होती. पण औषध बदललं आणि अट मात्र तशीच राहिली. इंटरफेरॉन मला लागू पडलं नाही. २०१६ मध्ये पदरचे पैसे घालून सोफोसबुव्हिर-डॅक्लाटास्व्हिर घेतलं : रोज गोळ्या, १२ आठवडे, आणि संपलं. शंभरात पंच्याण्णवांहून जास्त जण बरे होतात. २८ जुलै २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे. मेडिकलला किंवा मेयोला, म्हणजे नागपूरच्या या दोन सरकारी रुग्णालयांपैकी एकात जाऊन ‘व्हायरल हिपॅटायटिस कार्यक्रमाचं उपचार केंद्र कुठं’ असं विचारा, आणि पोराला एकट्याला पाठवू नका.

“आधी सोड, मग बघू” हे मीही एकाला ऐकवलं होतं, गोळ्या आल्यानंतर. पंधरा वर्षं सुई, वर दारू. तो निघून गेला. परत आला तेव्हा लिव्हर बिघडून पोटात पाणी झालं होतं. तुमच्या वरिष्ठांना हे माझ्या नावानं सांगा.

तुमचं खरं काम दोन ठिकाणी. एक, त्याची सगळी औषधं डॉक्टरांसमोर ठेवा. दारू सोडवताना कधी कधी कार्बामाझेपिन देतात; ते, फिटची फेनिटॉइन आणि टीबीची रिफॅम्पिसिन सोफोसबुव्हिरला निकामी करतात. ओएसटीची, म्हणजे सुईच्या नशेऐवजी डॉक्टर देतात ती, बुप्रेनॉर्फिन चालते. औषधाआधी हिपॅटायटिस बी तपासलाच पाहिजे, कारण सी जाताना दडलेला बी उसळू शकतो. दुसरं, सुई म्हणजे फक्त सुई नव्हे. “मी माझीच सुई वापरतो” असं पोरं शपथेवर सांगतात आणि खरंच सांगतात. पण नशा विरघळवायचा चमचा, गाळायचा कापूस, पाणी एकच असतं. तेही विचारा. दरडावून विचारलं तर उत्तर मिळणार नाही. बरा झाल्यावर पुन्हा लागण होऊ शकते, हेही त्याला कळू द्या. औषध संपल्यावर १२ आठवड्यांनी परत व्हायरल लोड करा. तो निरंक आला की मग आईला पेढे आणायला सांगा.

प्रश्न : माझे वडील ५८ वर्षांचे. व्यसन फक्त दारूचं, सुई कधीच नाही. त्यांनी ही तपासणी करावी का? – एक वाचक, महाल

उत्तर : करावी. जुन्या काळी चढवलेलं रक्त, गावच्या डॉक्टरची एकच सुई साऱ्या गावाला, जत्रेत काढलेलं गोंदण, यातलं काहीही पुरतं. विषाणू असेल तर दारू लिव्हरला दुप्पट वेगानं पोखरते असं समजा. रक्त द्यायला उपाशीपोटी जायची गरज नाही, तेव्हा तर्री-पोहे खाऊन न्या. नाहीतर ते भुकेच्या नावाखाली परततील.